रेडिओच्या खोक्याला पॉलिश करताना कोणाचा इतिहास पुसला जातो?

जुने व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करण्याची हौस अलीकडे वाढली आहे. मर्फी, बुश, फिलिप्सचे संच भंगारातून स्वस्तात उचलायचे, खोके घासून चकचकीत करायचे, नवी बटणे बसवायची आणि दिवाणखान्यात मांडायचे. सोबत ‘रेडिओचा सुवर्णकाळ’ हे शब्द ठरलेले. हा सुवर्णकाळ नेमका कोणाचा होता, हे मात्र कोणी विचारत नाही. आपण विचारले पाहिजे. त्यासाठी रेडिओचे खोकेच उघडून पाहू.

एकाच वर्षाच्या दोन गोष्टी

आधी तारखा पाहू. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या हस्ते सुरू झाले. त्यानंतर अवघ्या बारा दिवसांनी, ४ ऑगस्टला, महाड नगरपालिकेने तळे अस्पृश्यांना खुले करणारा आपलाच ठराव मागे घेतला. ज्या पंधरवड्यात मुंबईचा आवाज भिंती ओलांडून हवेतून जाऊ लागला, त्याच पंधरवड्यात माणसाला पाण्यापाशी जायची बंदी पुन्हा कागदावर आली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, तीही याच वर्षी.

या घटना आपल्याला कधी एकत्र सांगितल्या जात नाहीत. रेडिओ ‘विज्ञानाच्या प्रगती’त जातो, महाड ‘समाजसुधारणे’त. त्यामुळे यंत्र आले की जात आपोआप जाते, असा भ्रम टिकून राहतो. हवेतल्या लहरींना जात नसते, हे खरे. पण लहरी पकडायला संच लागतो, संचाला पैसे लागतात आणि तेव्हा परवानाही लागे. सुरुवातीला त्या परवान्याचे शुल्क वर्षाला १० रुपये होते. पुढे गावांत सार्वजनिक संच आले. पण ज्या चावडीची पायरी कोणी चढायची हे गावगाडा ठरवत होता, तिथला ‘सार्वजनिक’ हा शब्द तपासूनच घ्यावा लागतो.

चमक कुठून आली?

आता खोक्याकडे वळू. जुन्या लाकडी खोक्यावर कोणते पॉलिश आहे, हे ओळखायची सोपी रीत आहे. मागच्या, सहसा न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा टेकवायचा. थर चिकट होऊन विरघळू लागला तर ते चपड्याचे, म्हणजे लाखेचे पॉलिश. स्पिरिटला दाद दिली नाही, तर बहुधा कारखान्यातले लॅकर. पॉलिश चपड्याचे असेल तर सँडपेपर लावायची गरजच नसते. चपड्याचे पातळ द्रावण कापडाच्या बोळ्याने हलक्या हाताने फिरवले की नवा थर जुन्यात मिसळून जातो. घासायला गेलात तर वरचे कागदासारखे पातळ व्हीनिअर फाटते आणि खालचे प्लायवुड उघडे पडते.

हा चपडा येतो पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या लाखेच्या किड्यापासून. भारतात लाखेचे मोठे क्षेत्र म्हणजे छोटा नागपूर. रांचीजवळ नामकुमला १९२४ साली लाखेची संशोधन संस्था निघाली, ती यामुळेच. लाख गोळा करणारे हात प्रामुख्याने आदिवासींचे. झाडावर चढणारा एक, भाव ठरवणारा दुसरा आणि चमक मिरवणारा तिसरा.

चमकेच्या खाली लाकडाचे सांधे आहेत. अनेक जुन्या खोक्यांत ते सरसाने जोडलेले असतात. व्हॉल्व्हच्या उष्णतेने आणि पावसाळी दमटपणाने सरस सुटतो आणि व्हीनिअर फुगते. पण ओलसर उष्णतेने तो पुन्हा मऊही होतो, म्हणून मूळ तुकडा फेकून न देता परत बसवता येतो. हा सरस बनतो जनावरांच्या कातड्याचे तुकडे आणि हाडे उकळून. मेलेले ढोर ओढायचे, कातडे सोलायचे, हाडे उचलायची, ही कामे गावगाड्याने कोणाच्या माथी मारली होती, हे तुम्हाला सांगायला नको.

कोणी म्हणेल, अमुक संचातला सरस विलायतेचा असेल. असू शकेल. पण भारतातून कातडी आणि हाडे परदेशी जात होतीच. प्रश्न एका संचाचा नाही, व्यवस्थेचा आहे. ढोर ओढणारा माणूस बाटवतो म्हणून त्याला उंबरठ्याबाहेर ठेवायचे आणि त्याच ढोरापासून झालेला सरस दिवाणखान्यात मिरवायचा! विटाळ वस्तूला कधीच नव्हता. तो फक्त माणसाला चिकटवला होता.

बटणामागचे सत्य

रेडिओची बटणे शोभेची नसतात. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी संचात लोखंडी चॅसी थेट घरच्या विजेला जोडलेली असते. बटण धरून ठेवणारा बारीक स्क्रू त्याच चॅसीच्या दांड्याला टेकतो, म्हणून त्याच्या भोकात मेण भरण्याची पद्धत होती. बटण निघालेल्या अशा संचाचा उघडा दांडा पकडलात तर जीव जाऊ शकतो. म्हणून प्लग काढल्याशिवाय हात घालू नका, आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज शिल्लक असू शकते हे विसरू नका. डायलच्या काचेवरची स्टेशनांची नावे सहसा मागच्या बाजूने छापलेली असतात. तिथे साबण-पाणी लावले की नावे निघून येतात.

स्टेशन लावायचे बटण फिरवले की डायलची दोरी काटा सरकवते आणि आतली ‘गँग’ फिरते. या गँगच्या कडेला अनेक संचांत छोटे ट्रिमर असतात. त्यांच्या पत्र्यांमध्ये एक पारदर्शक पापुद्रा दिसतो. ते अभ्रक. व्हॉल्व्हच्या काचेतही आतले भाग जागेवर धरायला अभ्रकाच्याच चकत्या असतात. त्या काळी जगाला लागणाऱ्या अशा अभ्रकाचा मोठा भाग भारतातून जाई आणि कोडरमा, गिरिडीहचा पट्टा त्यासाठी प्रसिद्ध होता. खाणीत पुरुष-स्त्रिया राबत, आणि अभ्रकाचे पापुद्रे सोडवण्याच्या कामात लहान मुलेही असत.

इथे रेडिओचा इतिहास थेट आपल्या इतिहासाला येऊन मिळतो. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४६ साली, अभ्रक खाण कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. निर्यात होणाऱ्या अभ्रकावर उपकर बसवून तो पैसा कामगारांच्या आरोग्य, पाणी, निवारा आणि शिक्षणासाठी वापरायचा, हा त्याचा गाभा. जगभरच्या रेडिओत बसलेल्या त्या पापुद्र्यामागच्या माणसाची दखल घेणारा हा कायदा रेडिओच्या किती गौरवगाथांमध्ये सापडतो?

आणि त्याच रेडिओवरून बाबासाहेब बोललेही. महायुद्धाच्या काळात मुंबई केंद्रावरून त्यांनी कामगारांची बाजू मांडली, स्वातंत्र्यासोबत समता आणि बंधुताही मागितली. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान मांडताना ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असे त्यांनी सांगितले. ‘सुवर्णकाळ’वाल्यांच्या आठवणींत गाणी असतात, नाटिका असतात. हे आवाज नसतात.

मग करायचे काय?

आपल्या वस्त्यांमध्ये, विहारांच्या माळ्यांवर, आजोबांच्या पेटाऱ्यांशेजारी असे संच अजून आहेत. पाव-अर्ध्या किमतीत ते भंगारवाल्याला देऊ नका. संच चालत नसेल तर थेट विजेला जोडू नका. जाणत्या मेकॅनिककडून आधी तपासून घ्या. दोरी तुटली असेल तर सोडण्याआधी तिच्या वाटेचा फोटो काढा. मूळ बटण फुटले असेल तर जोडा, डबीत जपा, पण फेकू नका. खोक्यावरचे ओरखडे सगळे घालवू नका, कारण तेही वापरणाऱ्यांच्या हयातीची नोंद आहेत. तो संच कोणी घेतला, किती पगारात घेतला, ऐकायला कोण कोण जमत असे, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा.

मग तो विहाराच्या वाचनालयात ठेवा आणि शेजारी पाटी लावा. त्यावर कंपनीचे नाव असू द्या. त्याखाली लिहा: लाख आदिवासींची, सरस ढोर ओढणाऱ्यांचा, अभ्रक खाणमजुरांचे. वस्तू जपायची आणि ती घडवणारा माणूस पुसायचा, हाच तर जातीचा जुना धंदा आहे. तो निदान आपल्या हातून होता कामा नये.

जय भीम!