निशिगंधाचें कुळ

जळगांव-धुळ्याकडील मंगलकार्यांत निशिगंधाच्या हारांवांचून चालत नाहीं. नांव संस्कृत, तेव्हां फूलही पुराणकाळापासून आपलेंच, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः त्याचें माहेर मेक्सिको. तेथील नाहुआ लोक त्यास ‘अस्थिपुष्प’ अशा अर्थाच्या नांवानें ओळखीत. आपल्या जुन्या मराठींतील ‘गुलछबू’ हा शब्द फारसी ‘गुल-ए-शब्बू’चा अपभ्रंश, अर्थ तोच, रात्रीं दरवळणारें फूल. पाहुण्यास आपण दोन नांवें दिलीं, पण दोन्ही वेळां गुण एकच पाहिला!

लिनीअसनें १७५३ सालीं त्याचें शास्त्रीय नामकरण केलें. पुढें दीर्घकाळ तें अमरिलिस कुळांत गणलें गेलें. आज शास्त्रज्ञ त्यास घायपाताच्या पंक्तीस बसवितात. शेताच्या बांधावरील त्या कांटेरी घायपाताचा हा सगोत्र! आम्हांस मात्र हा निवाडा पटतो. घायपाताचेंही मूळ मेक्सिकोंतच आहे.

खऱ्या अमरिलिस कुळांतील सुवासिक अमेरिकन पाहुणी म्हणजे हायमेनोकॅलिस. तिचे पुंकेसर तळाशीं पातळ पडद्याच्या पेल्यानें जोडलेले असतात. निशिगंधास असा पेला नाहीं. ओळखीस एवढी खूण पुरे.

तापीकांठच्या काळ्या जमिनींत पाणी तुंबलें कीं कंद कुजतो. म्हणून तो उंच वरंब्यावर लावावा. एकदां फुललेला कंद पुन्हां फुलत नाहीं. त्याच्या भोंवतालचीं पिलें सोडवून वेगळीं लावावीं लागतात.