वय आणि पुनरपराध : फौजदारी कागदांस विचारावयाचा एक प्रश्न

जळकोट हें आज लातूर जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. म्हणून येथील जुन्या फौजदारी व्यवहाराचा शोध घेणारास मोडीबरोबरच फार्सी व उर्दू कागदांकडेही वळावें लागतें. इंग्रजी मुलखांत १८६२ पासून चालू असलेली दंडसंहिता येथें १ एप्रिल १९५१ रोजीं लागू झाली. अशा कागदांच्या निमित्तानें एक प्रश्न येथें मांडावयाचा आहे. स्त्रियांवर वा मुलांवर अत्याचार केलेला मनुष्य वृद्ध झाल्यावर पुन्हा तोच गुन्हा करील, हा संभव कितपत उरतो ?

प्रथम शब्दांविषयीं. पेशवाईंतील कागदांत 'शिंदळकी' व 'बदअमल' हे शब्द वारंवार येतात. उभयतांच्या संमतीनें घडलेला विवाहबाह्य संबंधही त्यांत मोडतो. तेव्हां अशा नोंदी मोजून बलात्काराचें प्रमाण काढणें सर्वथा चुकीचें होय.

१८६० च्या दंडसंहितेंत बलात्कारास कलम ३७६ अन्वयें शिक्षा होती. परंतु पूर्वीं शिक्षा झालेल्यास अधिक शिक्षा सांगणारें कलम ७५ हें नाणीं, सरकारी स्टांप व मालमत्ता यांसंबंधीं गुन्ह्यांपुरतेंच होतें. म्हणजे सराईत चोरास त्या कलमानें गांठलें, सराईत अत्याचाऱ्यास नाहीं. ही उणीव २०१३ सालीं कलम ३७६-ई घालून भरण्यांत आली. दुसऱ्यानें बलात्कार शाबीत झाल्यास मरेपर्यंत कारावास अथवा फांशी, असें तें कलम सांगतें. मुंबईच्या शक्ति मिल प्रकरणीं ४ एप्रिल २०१४ रोजीं तिघांस त्याखालीं फांशी सुनावली गेली. उच्च न्यायालयानें २५ नोव्हेंबर २०२१ रोजीं ती बदलून उर्वरित आयुष्यभर कारावास दिला. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७१ मध्यें आहे. या कलमांत गुन्ह्यांची गणना आहे. अपराध्याच्या वयाचा विचार नाहीं.

वयाचा विचार संख्याशास्त्रानें केला. गुन्हेगारीकडील कल वयाप्रमाणें चढतो व उतरतो, हें बेल्जमच्या केटले यानें १८३१ सालीं दाखविलें. कॅनडाचे संशोधक कार्ल हॅन्सन यांनीं २००२ सालीं ४,६७३ लैंगिक अपराध्यांच्या नोंदी तपासल्या. प्रौढ स्त्रियांवर बलात्कार करणारांचा पुनरपराध वयाबरोबर सारखा उतरत जातो. परक्या मुलांवर अत्याचार करणारांचा मात्र पन्नाशीपर्यंत फारसा उतरत नाहीं. स्वकुटुंबांतील मुलांवर अत्याचार करणारांत अगदीं तरुणांचाच धोका अधिक, असें त्यांस आढळलें.

'म्हातारा झाला, आतां काय करणार ?' असें म्हणणें व 'एकदां केलें तो मरेपर्यंत करणार' असें म्हणणें, हीं दोन्हीं टोकें यानें ढासळतात. पहिल्यानें मुलें धोक्यांत येतात. दुसऱ्यानें निरुपद्रवी झालेला वृद्ध कैदी व्यर्थ कोंडला जातो. अर्थात् उघडकीस न आलेले गुन्हे, विशेषतः घरांतील, अशा नोंदींत येत नाहींत, हें विसरूं नये.

यास्तव संग्राहकांस विनंति कीं, फौजदारी कागद उतरून घेतांना आरोपीची उमर, गुन्ह्याची व सुटकेची तारीख आणि पीडितेशीं त्याचें नातें, हे तपशील क्षुल्लक मानून टाकूं नयेत. एकच गोष्ट छापतांना गाळावी, ती पीडितेचें नांव.