खिळ्याखालचा कागद

इतिहास म्हटला की तख्ते आणि तहनामे डोळ्यांपुढे येतात. वर्गात मीही मुलांना तेच शिकवतो. परंतु गंजलेल्या खिळ्यालाही इतिहास असतो, आणि तो ठाऊक नसला तर आजही पदरचे पैसे जातात.

१७६१ साली इंग्रजी आरमाराने 'अलार्म' या लढाऊ जहाजाचा तळ तांब्याच्या पत्र्यांनी मढवला. लाकूड पोखरणाऱ्या सागरी जीवांवर तो उपाय होता. जहाज वेस्ट इंडीजकडे जाऊन आले, आणि १७६३ साली तपासणीत दिसले की तांबे शाबूत आहे. लोखंडी खिळे मात्र कुजून जागोजाग पत्रे सुटले आहेत. खिळेच वाईट म्हणावेत, तर त्यांतले काही धड होते! पत्रे गोदीत आले होते तपकिरी कागदात गुंडाळून, आणि तो कागद तसाच राहून गेला होता. जेथे तो लोखंड आणि तांबे यांच्यामध्ये टिकला, तेथे खिळा वाचला.

याची उपपत्ती पुढे लागली. १८०० साली व्होल्टाने दोन धातूंमध्ये खारे पाणी ठेवून वीज निर्माण केली. त्याने मुद्दाम केले, तेच जहाजाखाली न सांगता घडत होते. १८२४ साली हंफ्री डेव्हीने तांब्याला लोखंडाचे तुकडे जोडून ते झिजू दिले. कोचीनला बांधलेल्या 'समरांग' जहाजावर तांबे खरोखर वाचले. पण झिजणारे तांबेच शंखशिंपल्यांना दूर ठेवत होते! आता तळावर त्यांची दाटी झाली, आणि आरमाराने तो उपाय सोडला. लोखंडी जहाजांवर जस्ताचे ठोकळे मात्र आजही लावतात.

मोटारीच्या इंजिनातही निरनिराळे धातू आणि मध्ये पाणी असा तोच संसार असतो. कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये त्या कागदासारखी राखण करतात; ती कालांतराने संपतात. त्यात इंजिनाची अर्थिंगची तार सैल झाली, तर वीज कूलंटमधून वाट काढते आणि गाडीला ऊब देणाऱ्या हीटर कोअरच्या पातळ नळ्या खाते. मालक नवा कोअर घालतो. काही महिन्यांनी तोही गळतो.

अशा वेळी इंजिन गार असताना रेडिएटरचे झाकण काढावे. व्होल्टमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला लावावे, दुसरे धातूला न टेकवता कूलंटमध्ये बुडवावे. सुमारे ०.३ व्होल्टच्या वर आकडा गेला तर संशय घ्यावा. मग दिवे, पंखा एकेक सुरू करावा. ज्याने आकडा उसळेल, त्याची अर्थिंग तपासावी. बॅटरी सोडवूनही आकडा राहिला, तर कूलंटच निकामी झाले असे समजून ते बदलावे.

गळका कोअर बदलणे भागच आहे. पण 'अलार्म'च्या तपासनिसांनी नुसते कुजलेले खिळे मोजले असते, तर त्यांना नवे खिळे मागवण्यापलीकडे काही सुचले नसते. त्यांनी वाचलेले खिळेही पाहिले.