मुंबईच्या कोळशाची हकीकत

ठाकुर्ली स्टेशनाजवळचे चोळा पॉवर हाऊस बंद पडून आता कित्येक वर्षे लोटली. परंतु कल्याण-डोंबिवलीत लहानाचा मोठा झालेल्या आणि पन्नाशी ओलांडलेल्या कोणाही माणसाला त्याची धुरांडी आठवल्यावाचून राहत नाहीत. जी. आय. पी. रेल्वेने ते १९२९ साली सुरू केले. १९२५ च्या ३ फेब्रुवारीस मुंबई ते कुर्ला अशी विजेची पहिली गाडी धावली, १९२९ त वीज पुण्यास पोहोचली, १९३० त इगतपुरीस. घाट चढताना डोळ्यांत जाणारे कोळशाचे कण गेले म्हणून प्रवासी खूष झाले. पण कोळसा गेला नव्हता. इंजिनाच्या भट्टीतून उठून तो ठाकुर्लीच्या भट्टीत जाऊन बसला होता. आज तो तेथूनही उठला आहे आणि अधिक दूर जाऊन बसला आहे, एवढाच फरक.

हा कोळसा येतो कोठून, आणि तेथूनच का येतो, हा आजचा विषय. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. कामगार संघटनेच्या कामात वेतनकराराच्या बैठकींतून एक वाक्य वर्षानुवर्षे ऐकत आलो : “बाहेरचा माल स्वस्त पडतो, तुम्हांला वाढ द्यावी कोठून?” हे ‘स्वस्त’ म्हणजे काय असते, त्याचा छडा लावावा म्हणून वाचावयास बसलो, आणि वाचता वाचता कोळशापाशी येऊन थांबलो. कारण ‘स्वस्त’ या शब्दाची सारी बिंगे ज्या एका मालात उघडी पडतात तो हा माल.

मुंबईला कोळशाची पहिली मोठी गरज लागली ती आगगाडीसाठी नव्हे, आगबोटीसाठी. १८३० च्या २० मार्चला ‘ह्यू लिंडसे’ नावाची, मुंबईच्याच गोदीत वाडियांनी बांधलेली आगबोट सुएझला निघाली. तिच्या कोठारात पाच-साडेपाच दिवस पुरेल एवढ्याच कोळशाला जागा; पण पहिला टप्पा एडनचा. तेव्हा उतारूंच्या खोल्यांतूनसुद्धा कोळसा भरला. ती ३३ दिवसांनी सुएझला पोहोचली. त्यांतले बारा-एक दिवस वाटेत कोळसा भरण्यातच गेले. पुढे १८३९ साली मुंबई सरकारने एडन घेतले, ते आगबोटींना वाटेत कोळसा मिळावा या हेतूनेही घेतले. आणि गंमत अशी की, या आगबोटींना लागणारा कोळसा इंग्लंडहून येई तो शिडाच्या जहाजांतून. वाफेचे पोट वारा भरत होता!

१८५३ त ठाण्यापर्यंत आणि १८५४ त कल्याणपर्यंत आगगाडी आली. १८५४ सालीच मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी उभी राहिली. आता प्रश्न असा, की बंगालमध्ये राणीगंजला कोळसा निघत असताना मुंबईने तो सात समुद्रांपलीकडून का आणावा? एक उत्तर सोपे आहे : मुंबईहून कलकत्त्याला सलग रूळ १८७० सालापर्यंत नव्हतेच. पण रूळ झाल्यावरही विलायती कोळसा यावयाचा थांबला नाही. त्याचे कारण जहाजाच्या हिशेबात आहे. इंग्लंडला परत जाताना जहाजे कापूस, गळिताची धान्ये यांनी भरलेली असत. येताना त्यांना तेवढे वजन मिळत नसे. रिकामे जहाज समुद्रात नीट चालत नाही. खाली काहीतरी वजन घालावेच लागते. ते वजन दगडांचे घालण्यापेक्षा कोळशाचे घातले तर चार पैसे तरी सुटतात. म्हणून वेल्सचा कोळसा मुंबईपर्यंत अगदी थोड्या नूरावर येई, आणि झरियाचा कोळसा, आपल्याच देशातला, हजार-अकराशे मैल वाघिणींतून येताना रेल्वेचे पुरते भाडे डोक्यावर घेऊन येई. रे रोडच्या बाजूला ‘कोळसा बंदर’ हे नाव अद्याप आहे, ते त्या समुद्रमार्गे येणाऱ्या कोळशाची आठवण म्हणून.

आपल्या वऱ्हाड-चांद्याच्या बाजूला कोळसा नव्हता काय? होता. वरोऱ्याला सरकारने स्वतः खाण चालवली; ती १९०६ साली बंद झाली. बल्लारपूर वगैरे खाणी पुढे आल्या. पण मुंबईची भूक त्यांनी भागण्यासारखी नव्हती.

आता १९१३ सालाकडे या. कोळशाच्या व्यापाराच्या इतिहासात हे साल शिखराचे आहे. त्या वर्षी ब्रिटनने २८ कोटी ७० लाख टन कोळसा काढला आणि ७ कोटी ३० लाख टनांवर जहाजांत भरून परदेशी पाठवला. एकट्या बॅरी या वेल्समधल्या बंदरातून सुमारे १ कोटी १० लाख टन गेला. त्या काळी त्याहून मोठे कोळशाचे बंदर जगात नव्हते. अकरा लाख माणसे खाणींत काम करीत होती. आणि याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, वेल्समधल्या सेंघेनिड येथील खाणीत स्फोट होऊन ४३९ खाणकामगार गेले. ब्रिटनच्या खाणींत याहून मोठा अपघात झालेला नाही. चौकशी झाली, नियम मोडल्याचे सिद्ध झाले, आणि व्यवस्थापकाला २४ पौंड व कंपनीला १० पौंड दंड झाला. माणशी किती पडले याचा हिशेब तेव्हाच लोकांनी मांडला होता. शिलिंगाच्या थोडा वर आला. जहाजाचे भाडे, बंदराचा कर, दलाली, सर्व त्या कोळशाच्या किमतीत मोजलेले होते. हे मात्र त्या दराने मोजले गेले.

त्याच ऑक्टोबर महिन्यात, जगाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या एका कोळशाच्या गावी संप सुरू झाला. दक्षिण आफ्रिकेत नाताळ प्रांतात न्यूकॅसल नावाचे गाव आहे. इंग्लंडमधल्या कोळशाच्या न्यूकॅसलवरून त्याचे नाव पडले असे वाटले तर आश्चर्य नाही, पण ते पडले एका इंग्रज मंत्र्याच्या किताबावरून. कोळसा तेथे मागाहून निघाला. त्या खाणींत काम करीत होते आपले लोक, करारबंद हिंदी मजूर, बहुतेक मद्रास इलाख्यातले. करार संपल्यावर जो मजूर पुन्हा करार करणार नाही व हिंदुस्थानातही परतणार नाही, त्याच्यावर माणशी ३ पौंड वार्षिक कर होता. हेतू उघड होता : एकदा खाणीत शिरलेला मजूर मोकळा होऊ नये. आपले नामदार गोखले १९१२ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत गेले, तेथल्या मंत्र्यांना भेटले, आणि हा कर जाणार अशी समजूत घेऊन परतले. कर गेला नाही. तेव्हा तामिळ स्त्रियांनी न्यूकॅसलच्या खाणींवर जाऊन मजुरांना काम सोडावयास सांगितले, आणि गांधींच्या नेतृत्वाखाली खाणी ओस पडल्या. ६ नोव्हेंबरला चार्ल्सटाउनहून ट्रान्सवालच्या हद्दीकडे मोर्चा निघाला : २०३७ पुरुष, १२७ स्त्रिया, ५७ मुले. रोजचा शिधा पाव आणि थोडी साखर. मोर्चेकऱ्यांना पकडून खास गाड्यांनी परत नेले, आणि तुरुंग अपुरे पडतात म्हणून खाणींनाच कुंपणे घालून तुरुंग ठरवले, खाणीच्या नोकरांना तुरुंगाधिकारी केले. कैद म्हणून तीच खाण, तेच फावडे. इकडे गोखले प्रकृती ढासळलेली असताना त्या लढ्यासाठी पैसे गोळा करीत होते. १९१४ साली कर रद्द झाला.

हे मी इतके सविस्तर सांगतो, कारण मुंबईस उतरणाऱ्या परदेशी कोळशात नाताळचा कोळसा तेव्हापासूनच होता. ज्या गोखल्यांच्या सभेत लोक संपकऱ्यांसाठी पैसे देत होते, त्या शहराच्या काही भट्ट्यांत त्याच खाणींचा कोळसा जळत होता. देणाऱ्यांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. कोळशावर कोणाचे नाव लिहिलेले नसते.

पहिल्या महायुद्धाने जुनी घडी मोडली. जहाजे मिळेनात, विलायती कोळसा आटला. या टंचाईच्या आरंभीच, १९१५ साली, लोणावळ्याच्या पाण्यावर टाटांची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. तिच्यामागचा हिशेब दूरच्या, महागड्या कोळशापासून सुटण्याचाच होता. पण सगळ्यांना वीज मिळाली नाही, आणि युद्ध संपताच रेल्वेच्या वाघिणी अपुऱ्या पडल्या. झरियात कोळसा खाणीच्या तोंडाशी पडून, आणि मुंबईत टंचाई! १९२० साली सरकारने हिंदी कोळशाच्या निर्यातीवर बंदी आणली. ती १९२३ च्या आरंभापर्यंत टिकली. कोलंबो, सिंगापूर ही आपली गिऱ्हाइके होती. बारा लाख टनांची निर्यात दोन वर्षांत एक लाखाच्या आत आली. गिऱ्हाईक थांबत नसते. त्याने नाताळचा कोळसा घेतला, आणि नाताळचा कोळसा एवढ्यावर न थांबता मुंबईच्या बाजारातही मोठ्या प्रमाणात शिरला. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने निर्यातीच्या कोळशाला आपल्या रेल्वेवर भाड्यात सूट दिली होती. दरबानहून मुंबई समुद्रमार्गे चार हजार मैलांच्या आसपास, तरी तो झरियाच्या कोळशाशी भावात टक्कर देई. ‘स्वस्त’ची दुसरी बाजू ही : परक्या सरकारच्या तिजोरीतून भरलेले भाडे.

यावर ओरड झाली. दक्षिण आफ्रिकेत हिंदी माणसाला अपमान आणि त्या देशाच्या कोळशाला मुंबईत मोकळे दार, हे लोकांना झोंबले. जादा जकातीची मागणी मध्यवर्ती कायदेमंडळापर्यंत गेली. सरकारने आधी एक समिती नेमली. आपल्या कोळशाच्या प्रतीवर परदेशी गिऱ्हाइकांचा भरवसा उरला नाही म्हणून १९२५ त प्रतवारी मंडळाचा कायदा झाला. मग टॅरिफ बोर्ड बसले, आणि १९२६ च्या अहवालात त्याने जादा जकातीची शिफारस केली नाही. ही जकात बसली असती तर मुंबईच्या गिरण्यांचा खर्च वाढला असता, हे खरे. पण तेच गिरणीमालक त्याच सुमारास जपानी कापडापासून संरक्षण मागत होते, आणि १९२५ त त्यांनी कामगारांच्या पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर करून शहरभर संप ओढवून घेतला होता. परक्या मालाशी स्पर्धा करावयाची तर आधी हात जाई तो मजुराच्या पगाराकडे. झरियाच्या खाणमालकानेही याहून निराळे काही केले नसेल. माझ्या बैठकीतले वाक्य शंभर वर्षांपूर्वीचे आहे, हे मला तेव्हा कळले.

एका देशाच्या कामगाराची अडचण हा दुसऱ्या देशाचा बाजार होतो, याचे त्याच वर्षीचे एक उदाहरण देतो. १९२६ साली ब्रिटनच्या खाणमालकांनी पगार कमी व तास जास्त मागितले. कामगारांनी नकार दिला, आणि मे ते नोव्हेंबर खाणी बंद राहिल्या. उत्तर युरोपातल्या त्यांच्या गिऱ्हाइकांकडे त्या सात महिन्यांत पोलंडचा कोळसा गेला आणि तेथेच राहिला. वेल्सचे खाणकामगार उपासमारीने कामावर परतले तेव्हा त्यांच्या बाजारात दुसरा बसला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर निर्यातदार देशांची यादी पालटली. ब्रिटन यादीतून हळूहळू नाहीसा झाला. आज तर तेथे खोल खाणींचे युग संपलेच आहे. हिंदुस्थानने १९४६ साली दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, तो १९९३ पर्यंत. आपल्या खाणी १९७१ ते १९७३ च्या दरम्यान राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. आज जगात सुमारे दीडशे कोटी टन कोळसा दरसाल देशोदेशी फिरतो. पहिला क्रमांक इंडोनेशियाचा, पन्नास कोटी टनांहून अधिक. मग ऑस्ट्रेलिया, मग रशिया. त्यांच्या मागे अमेरिका, दक्षिण आफ्रिका, कोलंबिया, मंगोलिया. घेणाऱ्यांत पहिला चीन, दुसरे आपण. २०२४-२५ साली भारताने १०४ कोटी टनांहून अधिक कोळसा स्वतः काढला आणि तरी २४ कोटी टन बाहेरून आणला. पोलादाच्या भट्टीला लागतो तसा कोळसा आपल्याकडे कमी, तो ऑस्ट्रेलियाहून येतो, हे समजण्यासारखे आहे. पण विजेसाठीही आणतो, कारण समुद्रकाठच्या केंद्राला झारखंड-ओडिशापेक्षा बोर्निओ बेट सोयीचे पडते. ट्रॉम्बेच्या वीजकेंद्रात इंडोनेशियाचा कोळसा जळतो. १८७० सालचा हिशेब मोडलेला नाही. फक्त वेल्सच्या जागी कालिमंतान आले आहे.

ऑस्ट्रेलियातही एक न्यूकॅसल आहे, आणि आज कोळशाच्या निर्यातीचे सर्वांत मोठे बंदर म्हणून तेच ओळखले जाते. १७९९ साली तेथून कोळशाचे जहाज बंगालला रवाना झाले. ऑस्ट्रेलियाच्या निर्यातव्यापाराचा आरंभ तेथपासून मानतात. त्या बंदरातला भाव हा आता साऱ्या आशियाचा भाव झाला आहे. २०१० साली इंडोनेशियाने आपला कोळसा ठरावीक भावाखाली विकू नये असा नियम केला, त्या भावातही न्यूकॅसलचा भाव धरलेला होता. मुंद्र्याचे मोठे वीजकेंद्र त्यामुळे तोट्यात गेले. त्याची ७६० मेगावॉट वीज महाराष्ट्राने घ्यावयाची होती. न्यूकॅसलचा हा भाव २०२० साली टनाला पन्नास डॉलरच्या आसपास होता. युक्रेनच्या युद्धानंतर २०२२ साली चारशे डॉलरच्या वर गेला. खाणीतल्या मजुराचा पगार काही आठपट झाला नाही.

त्याच २०२२ च्या जानेवारीत इंडोनेशियाने आपल्याच वीजकेंद्रांना कोळसा पुरत नाही म्हणून महिनाभर निर्यात बंद केली, आपण १९२० त केली तशीच. एप्रिलमध्ये आपल्याकडे उन्हाळा तापला, वीजकेंद्रांतले साठे उतरले, आणि कोळशाच्या मालगाड्यांना वाट मिळावी म्हणून रेल्वेने प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द केल्या. पुन्हा वाघिणीच कमी! मग वीजकेंद्रांनी परदेशी कोळसा मिसळावा असे फर्मान निघाले.

आपल्या घरी महावितरणचे बिल येते, त्यात ‘इंधन समायोजन आकार’ अशी एक ओळ असते. आमच्या युनियनच्या कचेरीत एक कामगार ते बिल घेऊन आला आणि विचारू लागला, साहेब, पंखा तेवढाच, दिवे तेवढेच, मग हे पैसे कसले? त्याला समजावयास मी बसलो, तो न्यूकॅसलपासून सुरुवात करावी लागली. त्याने विचारले, कोणते न्यूकॅसल? आणि मग मला आधी दुसऱ्याचे सांगावे लागले.