सदोष वस्तूची विक्री आणि परीक्षेची मुदत : कल्याणीपासून मुदखेडपर्यंत

विकत घेतलेल्या वस्तूत मागाहून दोष निघाला तर तोटा कोणी सोसावयाचा, या प्रश्नाचा विचार भारतीय व्यवहारशास्त्राने फार पूर्वीपासून केलेला आहे. मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत ‘क्रयविक्रयानुशय’ हे एक स्वतंत्र पद आहे. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. खरेदी अथवा विक्री केल्यावर ज्यास पश्चात्ताप होतो, त्याने व्यवहार मोडावा किंवा नाही, व मोडावयाचा तर किती दिवसांत, याचे नियम या पदाखाली येतात. आज जुन्या मोटारगाड्यांची खरेदी-विक्री इंटरनेटवरील जाहिरातींतून होते. मुदखेडचा ग्राहक पुण्याची गाडी छायाचित्रांवरून पसंत करतो, विसार पाठवितो आणि गाडी दारात आल्यावर तिच्यातील दोष त्यास कळतात. या नव्या व्यवहारातील अडचण जुन्या प्रश्नाचेच रूप होय. त्या प्रश्नाची उत्तरे कालानुक्रमाने कशी बदलत गेली, हे नांदेड-लातूरच्या परिसरापुरते पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

(१) मिताक्षरेतील परीक्षाकाल

याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही विज्ञानेश्वराची टीका चालुक्य नृपती सहावा विक्रमादित्य (१०७६–११२६) याच्या राज्यात, कल्याणी येथे लिहिली गेली. कल्याणी म्हणजे हल्लीचे बसवकल्याण. ते आज कर्नाटकाच्या बिदर जिल्ह्यात असले तरी लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नाही. तेव्हा या टीकेतील विवेचन या प्रदेशास परके म्हणता येत नाही.

याज्ञवल्क्याने निरनिराळ्या वस्तूंसाठी परीक्षेची निरनिराळी मुदत दिली आहे : बीजास दहा दिवस, लोखंडास एक दिवस, ओझ्याच्या व औताच्या जनावरास पाच, रत्नास सात, दुभत्या जनावरास तीन दिवस. त्याच यादीत दासीस एक महिना व दासास पंधरा दिवस असेही म्हटले आहे. माणसाची गणना विक्रेय वस्तूंत करणारी ती समाजव्यवस्था होती, हे विसरून या नियमांचा गौरव करणे योग्य होणार नाही. तथापि मुदतींमागील तत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. प्रत्येक वस्तूतील दोष आपापल्या वेळाने उघड होतो. लोखंड एका दिवसात पारखता येते. गाय खरोखर किती दूध देते हे तीन दिवस धार काढल्यावाचून कळत नाही. बी रुजते की नाही हे पाहण्यास आठवड्याहून अधिक काळ जावा लागतो. म्हणजे मुदत विक्रेत्याच्या वा ग्राहकाच्या सोयीवरून ठरलेली नसून दोषाच्या स्वभावावरून ठरलेली आहे.

मनूने मात्र सरसकट दहा दिवसांची मुदत दिली आहे. या दोन वचनांतील विरोध मिटविताना विज्ञानेश्वर म्हणतो की, मनूचा नियम लोखंडादी वस्तूंखेरीज इतर वस्तूंना, म्हणजे घर, शेत, यान, शय्या, आसन इत्यादिकांना लागू समजावा. ‘यान’ म्हणजे वाहन. वाहन परत करण्यास दहा दिवसांची मुदत असावी, हे मत या परिसरात सुमारे नऊशे वर्षांपूर्वी नोंदले गेले आहे. या सवलतीस त्याने एक मर्यादाही घातली. हे सर्व न पारखता घेतलेल्या वस्तूविषयी आहे. पारखून आणि ‘परत करणार नाही’ असा करार करून घेतलेली वस्तू विक्रेत्यास परत देता येत नाही.

नारदाचे नियम याहून व्यापारी वळणाचे आहेत. खरेदी फसली असे वाटल्यास त्याच दिवशी, नुकसान न करता, वस्तू परत द्यावी. दुसऱ्या दिवशी दिल्यास किमतीचा तिसावा अंश सोडावा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्यानंतर वस्तू ग्राहकाची. परंतु निर्दोष वस्तू दाखवून सदोष हाती देणाऱ्या विक्रेत्यास त्याने मुळीच सवलत दिलेली नाही : ग्राहकास दुप्पट मूल्य व राजास तितकाच दंड. पश्चात्ताप आणि फसवणूक यांतील भेद येथे स्पष्ट आहे. कौटिल्याने रोगी जनावर निरोगी म्हणून विकणाऱ्यास बारा पणांचा दंड सांगितला असून चतुष्पाद परत करण्यास तीन पक्षांची मुदत दिली आहे. मनूचा आणखी एक निर्बंध प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे : भेसळीची, निःसत्त्व, वजनात कमी, दूर असलेली किंवा झाकून ठेवलेली वस्तू विकू नये. ग्राहकाच्या डोळ्यांसमोर नसलेल्या मालाविषयी शास्त्रकारांना वाटणारा संशय यातून व्यक्त होतो.

असा विचार केवळ येथेच झाला असे नव्हे. रोममध्ये बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी गुलाम व जनावरे विकणाऱ्यांस दोष आधी जाहीर करण्याचे बंधन घातले होते. ते न पाळल्यास ग्राहकास सहा महिन्यांत वस्तू परत करण्याचा अथवा एका वर्षात किंमत कमी करून मागण्याचा हक्क होता.

(२) जनावरांचा बाजार

नांदेड-लातूरच्या प्रदेशात जुन्या, वापरलेल्या आणि चालत्या मालाचा सर्वांत मोठा व्यवहार जनावरांचाच होता. लाल कंधारी आणि देवणी या गोवंशांची नावेच येथील गावांवरून पडली आहेत. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा घोड्यांच्या व इतर जनावरांच्या विक्रीसाठी, तर उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीचा बाजार गुरांसाठी प्रसिद्ध आहे. दोषास येथील शब्द ‘खोड’. बैल मारका आहे काय, औताला बसतो काय, हे नुसते पाहून कळत नाही. म्हणून दात पाहावयाचे, चालवून पाहावयाचे, जमल्यास जुंपून पाहावयाचे, अशी रीत पडली. विकणाराही कसलेला असे. शिंगे तासून व तेल लावून जनावराचे वय लपविण्याची कला हेडी लोकांस अवगत होती. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरे, पण खोड लपविली की नाही याचा निर्णय पुढे शेतात होई.

या बाजारात ग्राहकाचे खरे संरक्षण लेखी कायद्यापेक्षा ओळखीत होते. विकणारा कोणत्या गावचा, मध्यस्थ कोण, हे ठाऊक असे. आठवडी बाजारात त्याची पुन्हा गाठ पडे. फसविणाऱ्याचे नाव पंचक्रोशीत झाले की त्याच्या दावणीकडे कोणी फिरकत नसे. परीक्षेची मुदत कागदावर नसली तरी पुढच्या बाजाराचा दिवस हीच एक प्रकारची मुदत होती.

(३) ‘ग्राहकाने सावध असावे’

इंग्रजी कायद्याची दिशा निराळी होती. १६०३ साली इंग्लंडमध्ये एका सोनाराने बेझोअर नावाचा औषधी खडा म्हणून विकलेला खडा तसा नसल्याची फिर्याद झाली. खडा खरा असल्याची हमी विक्रेत्याने दिली नव्हती, एवढ्यावरून निकाल ग्राहकाच्या विरुद्ध गेला. सावधगिरीचा भार ग्राहकावर टाकणाऱ्या या तत्त्वाची छाप १८७२ च्या भारतीय करार कायद्यावर दिसते. त्याच्या सतराव्या कलमातील पहिली तीन उदाहरणे घोड्याच्या विक्रीचीच आहेत. घोडा सदोष आहे हे ठाऊक असूनही विक्रेता काही बोलला नाही, तर ती फसवणूक नव्हे. मात्र ग्राहक जर म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हटले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन’, आणि विक्रेता गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच होय. ग्राहकाने प्रश्न विचारला की नाही, एवढ्यावर सारा निकाल फिरतो.

१९३० च्या मालविक्री कायद्याने ग्राहकाची बाजू काही अंशी सावरली. वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे, ही अट विक्रेता व्यापारी असो वा खासगी गृहस्थ, दोघांसही बंधनकारक आहे. मालावर न सांगितलेला कर्जाचा बोजा नसावा, ही हमीही तशीच. माल विक्रीयोग्य प्रतीचा असावा, ही अट मात्र त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्यापुरतीच आहे. आणि ग्राहकाने माल तपासला असेल तर तपासणीत जो दोष दिसावयास हवा होता त्याबद्दल तक्रार चालत नाही. माल नाकारण्यास ‘वाजवी मुदत’ आहे, पण ती किती दिवसांची हे कायदा सांगत नाही. याज्ञवल्क्याने जेथे आकडा दिला, तेथे १९३० च्या कायद्याने विशेषण दिले.

मुदखेड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले, आणि १९५१ च्या ‘ब’ वर्ग राज्यांच्या कायद्यान्वये १ एप्रिल १९५१ पासून हे दोन्ही भारतीय कायदे हैदराबाद राज्यास लागू झाले. माळेगावच्या घोड्यास १८७२ च्या घोड्याचा नियम लागू होण्यास अशा रीतीने सुमारे ऐंशी वर्षे लागली.

(४) यंत्र आणि डोळा

मोटारीने पारखीची जुनी साधने निरुपयोगी केली. यंत्राचे दात पाहता येत नाहीत. किलोमीटर दाखविणारे मीटर मागे फिरविता येते. अपघातात वाकलेला सांगाडा डेंटिंग-पेंटिंगने झाकता येतो. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीच्या तारा गंजण्यास काही महिने लागतात. दोष आहे हे विक्रेत्यास ठाऊक, ग्राहकास अज्ञात, आणि हे अज्ञान डोळ्यांनी दूर होणारे नाही, अशी स्थिती उत्पन्न झाली.

या स्थितीचे अर्थशास्त्रीय विवेचन जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्याच उदाहरणाने केले. चांगली व वाईट गाडी ग्राहकास वेगळी ओळखता येत नसल्याने तो दोहोंस मधलाच भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकण्यास तयार होत नाही. परिणामी बाजारात वाईट गाड्याच उरतात. अ‍ॅकरलॉफ १९६७-६८ साली भारतात राहिला होता. येथील बाजारच्या तांदळातून त्याच रंगाचे खडे निवडणाऱ्या गृहिणीचे उदाहरणही त्याच्या निबंधात आले आहे. २००१ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा बहुमान मिळाला. जो निष्कर्ष त्याने काढला तो शास्त्रकारांच्या परीक्षाकालास अप्रत्यक्ष पुष्टी देतो : परत करण्याची मुदत ही केवळ ग्राहकावरील दया नसून चांगल्या मालाच्या विक्रेत्याचेही ते संरक्षण आहे.

(५) दूरस्थ विक्री आणि लेखी शब्द

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष मालाविषयी दाद मागण्याची सोपी वाट उघडली. २०१९ च्या कायद्याने, जो २० जुलै २०२० पासून अमलात आला, तक्रारदार जेथे राहतो तेथेच तक्रार करण्याची मुभा दिली. मुदखेडच्या ग्राहकास पुण्याच्या व्यापाऱ्याविरुद्ध नांदेडच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते, आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. मुदखेड परिसर फुलशेतीसाठी ओळखला जातो. फुले वाहून पोट भरण्यासाठी स्वतः चालवावयास घेतलेली जुनी गाडीही या संरक्षणात बसू शकते, कारण स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यास कायद्याने ग्राहकच मानले आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांस परिवहन खात्याचे अधिकारपत्र घेणेही आवश्यक झाले.

या व्यवस्थेत एक मोठी फट मात्र राहिली आहे. इंटरनेटवरील पुष्कळ जुन्या गाड्या खासगी मालक विकतात. असा एकदाच विकणारा मालक सामान्यतः व्यापारी समजला जात नाही, म्हणून त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगाचा उपयोग होत नाही. जाहिरात छापणारे संकेतस्थळ आपण केवळ मध्यस्थ असल्याचे सांगते. हेड्याप्रमाणे त्याची पुढच्या बाजारी गाठ पडत नाही. मनूने ज्या दोन गोष्टींस मनाई केली, त्या दूरत्व आणि आच्छादन, येथे एकत्र आल्या आहेत, आणि ग्राहकाच्या हाती १८७२ व १९३० चे कायदेच उरतात.

तरीही या व्यवहारात एक गोष्ट अशी आहे, जी जनावरांच्या बाजारात नव्हती. तेथे बोलणे हवेत विरे. येथे ते लिहिलेले राहते. ‘एकच मालक, अपघात नाही, इतके किलोमीटर’ हे जाहिरातीतील शब्द १९३० च्या कायद्याच्या अर्थाने मालाचे वर्णन होतात आणि खासगी विक्रेत्यासही बांधतात. ‘गाडी पुरात बुडाली होती काय? कर्जाचा बोजा फिटला काय?’ असे प्रश्न पैसे देण्यापूर्वी मोबाईलवरून लेखी विचारले, तर सतराव्या कलमातील तिसऱ्या घोड्याची स्थिती निर्माण होते : विक्रेत्याचे खोटे उत्तर किंवा त्याचे मौन, दोन्ही त्याच्यावर उलटतात. याउलट ‘आहे त्या स्थितीत, परत घेणार नाही’ या वाक्यावर सही करणारा ग्राहक विज्ञानेश्वराच्या काळीही असहाय होता आणि आजही जवळजवळ तसाच आहे. नोंदणीपुस्तकावरील नाव बदलेपर्यंत विक्रेताही निश्चिंत नसतो. कागदोपत्री मालक तोच असल्याने अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठरविले आहे. लेखी पुराव्याची गरज म्हणजे दोघांनाही सारखीच आहे.

एकंदरीत पाहता या इतिहासात तीन अवस्था दिसतात. प्रथम वस्तू वापरून पाहण्याची मुदत होती. नंतर सारा भार ग्राहकाच्या डोळ्यांवर आला. आता डोळा चालेनासा झाल्यावर विश्वास लेखी शब्दावर ठेवावा लागत आहे. व्यापाऱ्यांच्या बाबतीत कायदा पुन्हा पहिल्या अवस्थेच्या जवळ जात आहे. खासगी विक्रीच्या बाबतीत मात्र यानासाठी दहा दिवस, या कल्याणीच्या नियमाइतकी निश्चित मुदत अद्याप कोणी घालून दिलेली नाही. ती मिळेपर्यंत मुदखेडच्या ग्राहकाचा परीक्षाकाल पैसे देण्यापूर्वीच संपतो, आणि त्या अल्पकाळात त्याने विचारलेले व जपून ठेवलेले प्रश्न हेच त्याचे मुख्य साधन होय.