जीप गाडींतील मायक्रोफोन

औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगराहून, जळगांवकडे जाणारा रस्ता अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापुरास येतो. मोगलांच्या काळीं येथें वाटसरूंसाठीं सराई बांधली गेली. त्या काळीं निरोप जासुदाबरोबर चाले. तो एकदां वाटेस लागला कीं मजकुरांत फेर करणें अशक्य. त्याला गांठावयास दुसरा जासूद दौडवावा लागे. धांवत्या वाहनांतील माणसाशीं दुरून बोलणें ही सोय विसाव्या शतकांतली आहे.

अमेरिकेंत डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनीं १९२८ सालीं आपल्या मोटारींत रेडिओ बसविला. पण त्यावर केवळ ऐकतां येई, उत्तर देतां येत नसे. १९३३ सालीं बेयोन शहरांत मोटारींतूनहि बोलतां येऊं लागलें, आणि मायक्रोफोन ठेवावा कोठें हा प्रश्न उभा राहिला. त्या वेळचा मायक्रोफोन म्हणजे कोळशाच्या कणांची डबी. आवाजानें पडदा हाले, कण दाबले जात आणि विजेचा प्रवाह कमीजास्त होई. हादऱ्यांनीं हेच कण गच्च बसत. मग डबी झटकावी लागे.

दुसऱ्या महायुद्धांत चारहि चाकांना गति देणारी जीप आली. १९४१ ते १९४५ या काळांत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. पुढें मुंबईंतहि जीपची जुळणी होऊं लागली. या गाडींत चालकाजवळ तीन दांडे असत: एक गिअरचा, दुसरा जड चढासाठीं आणि तिसरा पुढच्या चाकांना गति जोडण्यासाठीं. एक हात चक्रावर, दुसरा दांड्यांवर. मग मायक्रोफोनचें बटन दाबणार कोण? ज्या गाडींत दुसरा माणूस असे, तेथें बोलण्याचें काम त्याच्याकडे जाई. चालक एकटा असला म्हणजे अडचण कायमच.

यामागचें शास्त्र सोपें आहे. तोंडापासूनचें अंतर दुप्पट झालें कीं आवाजाचा जोर चौथाई उरतो. इंजिनाची घरघर मात्र गाडीभर जवळजवळ सारखीच असते. म्हणून मायक्रोफोन तोंडाजवळ हवा, पण श्वासाचा झोत लागूं नये म्हणून किंचित् बाजूस. १९६२ सालीं सेसलर व वेस्ट यांनीं पातळ पटलाचा मायक्रोफोन सिद्ध केला. तो इतका लहान व हलका झाला कीं कांचेच्या कडेच्या खांबावर किंवा उन्हाच्या झडपेवर बसवितां येऊं लागला. बसवितांना खालीं मऊ रबर द्यावें, वाऱ्याची जाळी टाळावी आणि तार दांड्यांत वा पायांत येऊं देऊं नये. हाच नियम फोनच्या पकडीसहि लागू आहे. शिवाय ती रस्ता झांकणारी नसावी.

कायद्यानेंहि हेंच मानलें आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें वाहन चालवितांना हातांत फोन धरून वापरणें हें धोक्याचें चालविणें ठरलें. जासुदास निरोप ऐकावयास घोडा थांबवितां येई. फर्दापूरच्या घाटांत वळण आलें असतां चालकाला तेवढी सवड नसते. त्याचे दोन्ही हात आणि दोन्ही डोळे त्या वळणासच लागतात.