एका परदेशी भिक्खूने पाहिलेला चीन

तांगकालीन चीनचा इतिहास प्रामुख्याने दरबारी कागदपत्रांवरून लिहिला जातो. सामान्य जनांचे जीवन मात्र जपानी भिक्खू एन्निन यांच्या दैनंदिनीत आढळते. इ.स. ८३८ ते ८४७ या काळात ते चीनमध्ये होते. ८४० साली शांतुंगमधून वू-ताई पर्वताकडे जाताना त्यांनी ठिकठिकाणचे धान्याचे भाव नोंदविले. टोळधाडीने पीक बुडाल्यामुळे लोक ओक वृक्षाची फळे खाऊन दिवस कंठीत होते, हेही लिहून ठेवले.

८४५ मध्ये सम्राट वू-त्सुंग याने संघावर घाला घातला. शासकीय आकडेवारीनुसार ४,६०० विहार नष्ट झाले. २,६०,५०० भिक्खू-भिक्खुणींना गृहस्थ करून करदात्यांत सामील करण्यात आले. विहारांच्या जमिनी जप्त झाल्या. काशाच्या मूर्ती व घंटा वितळवून नाणी पाडण्यात आली. ताओ मताविषयीच्या सम्राटाच्या ओढीइतकीच राज्याची आर्थिक निकड यामागे होती. एन्निन यांनाही चीवर उतरवावे लागले. तथापि, परतीच्या वाटेवर त्यांना साहाय्य करणाऱ्यांत खुद्द राज्याचे अधिकारीही होते.

८४६ मध्ये सम्राट निवर्तला आणि त्याच्या उत्तराधिकाऱ्याने हे धोरण मागे घेतले. राजाश्रयाने वाढलेले वैभव एका फर्मानाने हिरावले जाते. लोकांच्या अंतःकरणातील धम्म मात्र फर्मानाने पुसला जात नाही, याची साक्ष ही दैनंदिनी देते.